शीर दाखवणारा कॅमेरा : नर्सिंग लॅबसाठी केलेल्या कामाच्या नोंदी

साताऱ्यात मी दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करतो. सक्शन मशीन, नेब्युलायझर, इन्फ्युजन पंप, बीपीचे मॉनिटर. माझी ताई लहान मुलांच्या वॉर्डात अनेक वर्षं स्टाफ नर्स होती, आता एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. तिच्या लॅबमध्ये सलाईन लावण्याच्या सरावासाठी रबराचा हात आहे. त्यातली शीर कायम एकाच जागी असते, त्यामुळे मुलींचा हात त्यावर पटकन बसतो आणि वॉर्डात खऱ्या हातावर त्याच मुली अडखळतात. ताईला असं काहीतरी हवं होतं, ज्यात मुली एकमेकींच्या हातावर सुई न टोचता शिरा शोधायला शिकतील. हे काम करताना ठेवलेल्या नोंदी इथे देतो आहे. कुणी असंच काही करायला घेतलं तर माझे वाया गेलेले पैसे आणि दिवस त्यांचे तरी वाचावेत.

आधीच सांगतो, हे शिकवण्याचं साधन आहे. पेशंटवर वापरायचं नाही. त्याचं कारण पुढे येईल.

२ जून २०२४

कॉलेजने १५,००० रुपये मंजूर केले. तयार यंत्रांचा विचार त्याच वेळी सोडला. त्वचेवर शिरांचं चित्र पाडणारी चांगली यंत्रं लाखांत जातात, आणि स्वस्त मिळतात त्यांची कागदपत्रं बघायला मागितली की विक्रेता विषय बदलतो.

पहिला प्रयोग सगळ्यांत स्वस्त केला. लाल एलईडी गोल मांडून ते कडं त्वचेला चिकटवायचं. उजेड बाजूने आत शिरतो, मांसातून पसरतो आणि मध्ये शीर असेल तर काळी रेघ दिसते. दोनशे रुपयांच्या आत काम झालं. अंधाऱ्या खोलीत सडपातळ हातावर शिरा छान दिसल्या. पण अडचणी दोन. खोलीत दिवा लावला की काही दिसत नाही, आणि कडं जरा दाबलं की शीरच चपटी होते. शोधायची तीच गोष्ट हातातून जाते.

ताईने बाळांच्या वॉर्डातली एक गोष्ट सांगितली. नवजात बाळाच्या तळहाताखाली दिवा धरला की हाताच्या पाठीवरच्या शिरा दिसतात, हे काम वर्षानुवर्षं चालत आलंय. पण गरम होणाऱ्या दिव्यांनी कोवळी कातडी भाजल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. कातडीला टेकणारं कोणतंही साधन केलंत तर आधी पंधरा मिनिटं चालू ठेवून स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा.

ठरलं : स्पर्श न करता, वरून इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा उजेड) टाकायचा आणि कॅमेऱ्याने बघायचं.

८ जून

सामान आलं. रास्पबेरी पाय ४ (एका बोर्डावरचा छोटा संगणक, २ जीबी) सुमारे ४,२०० रुपये. त्याचाच नोआयआर व्ही२ कॅमेरा सुमारे २,४००. साध्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी काच असते, नोआयआरमध्ये ती नसते, म्हणून हा घेतला. पाच इंची स्क्रीन ३,०००. कार्ड, अ‍ॅडॅप्टर, वायरी धरून आणखी बाराशे.

सहाशे रुपयांच्या जुन्या वेबकॅममधून ती काच काढायचा प्रयत्नही केला होता. काच लेन्सच्या नळीत डिंकाने बसवलेली होती. उचकटताना तिच्यासोबत लेन्सही गेली. वेबकॅमच वापरायचा असेल तर खोलून बघता येईल असाच घ्या.

नोआयआर व्ही२ चा फोकस कारखान्यातून लांबच्या अंतराला लावून येतो. वीस सेंटीमीटरवर हात धरला तर चित्र धूसर. सोबत पांढरं प्लॅस्टिकचं छोटं चाक मिळतं, ते लेन्सवर बसवून हळूहळू फिरवायचं. फोकस इन्फ्रारेडच्याच उजेडात लावा. ट्यूबलाइटमध्ये लावलेला फोकस इन्फ्रारेडमध्ये थोडा सरकतो.

१३ जून

एलईडी लावले, कॅमेरा चालू केला. हात दिसतो, शिरा नाहीत. चित्र अंधुक आणि दाणेदार. तीन दिवस कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये घालवले. गेन (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा) वाढवला, एक्स्पोजर (एका चित्रासाठी उजेड घेण्याचा वेळ) वाढवलं, केबल बदलली.

दोष एलईडीत निघाला. पुड्यावर उजेडाच्या लहरीची लांबी ८५० नॅनोमीटर लिहिली होती, आत ९४० चे होते. ओळखायची खूण सोपी आहे. पूर्ण अंधारात एलईडीकडे तिरकं, लांबून बघायचं. ८५० चा एलईडी पेटला की विझत्या निखाऱ्यासारखी अगदी मंद लाली दिसते, ९४० चा पूर्ण काळा राहतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात दोन्ही पेटलेले दिसू शकतात, म्हणून त्या तपासणीवर विसंबू नका.

फरक एवढा का पडतो, तर कॅमेऱ्याचा सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि ९०० च्या पुढे त्याची नजर झपाट्याने कमी होते. शिवाय मांसातलं पाणी ९७० च्या आसपास उजेड जास्त शोषतं, त्यामुळे शीर आणि तिच्या भोवतीचं मांस यांच्यातला फरकही पुसट होतो. ७६० जवळ शिरेतलं रक्त जास्त ठळक दिसायला हवं, पण त्या लांबीचे एलईडी आपल्याकडे सहज मिळत नाहीत आणि त्वचेतला काळा रंग तिथे उजेड जास्त खातो. आपल्याकडच्या सावळ्या हातांसाठी ८५० हाच व्यवहारी मार्ग.

दुकानदाराने माल परत घेतला नाही. आता डेटाशीट (कंपनीचा तांत्रिक माहितीचा कागद) असलेलेच घ्यायचे ठरवले. विशे कंपनीचा टीएसएचजी ६४०० हा ८५० चा आहे. त्याच कंपनीचा जवळपास त्याच नावाचा टीएसएएल ६४०० मात्र ९४० चा आहे. ऑर्डर देताना अक्षरं दोनदा वाचा.

२० जून

पुण्याला गेलो होतो, तेव्हा तपकीर गल्लीत रेझिस्टर आणि कॉपर क्लॅड बोर्ड घेतला. नवे एलईडी कुरिअरने आले.

आधी ५ व्होल्टवर तीन-तीन एलईडी ओळीने लावले होते. प्रत्येकावर साधारण दीड व्होल्ट जातो, म्हणजे रेझिस्टरला अर्धा व्होल्टच उरतो. एलईडी गरम झाले की त्यांचा व्होल्टेज घसरतो आणि करंट चढत जातो. एक ओळ जास्त उजळ, दुसरी मंद, चित्र डाव्या बाजूला पांढरं पडलेलं. आता १२ व्होल्टवर सहा-सहा एलईडी आणि ओळीत ३९ ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर. करंट ७५ मिलीअँपच्या आसपास स्थिर राहतो. अशा चार ओळी, चोवीस एलईडी, कॅमेऱ्याभोवती गोल. अर्धा तास चालवल्यावर बोर्ड कोमट लागतो, चटका नाही.

आज पहिल्यांदा माझ्या हाताच्या पाठीवरचं शिरांचं जाळं स्क्रीनवर उमटलं. मनगटाकडून येणारी एक जाड रेघ, करंगळीच्या मुळाशी फुटलेले दोन फाटे. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नव्हतं. ताईला फोटो पाठवला. तिचं उत्तर : "छान. आता माझ्या वर्गातल्या सगळ्यांत जाड मुलीच्या हातावर दाखव."

२६ जून

चमक. एलईडीचे पांढरे ठिपके त्वचेवर उमटतात आणि ठिपक्याखालची शीर नाहीशी होते. हात घामट असेल तर विचारूच नका.

नेटवर सगळीकडे पोलरायझरचा, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा उजेड सोडणाऱ्या फिल्मचा उपाय सांगतात. एलईडीपुढे एक, कॅमेऱ्यापुढे त्याला आडवा दुसरा, की चमक गायब. बिघडलेल्या मॉनिटरच्या पॅनेलची पोलरायझर फिल्म माझ्याकडे पडून होती. लावली आणि काहीच फरक पडला नाही. दोन तुकडे एकमेकांवर आडवे धरून कॅमेऱ्यापुढे नेले, तर डोळ्यांना ठार काळे दिसणारे ते तुकडे कॅमेऱ्याला काचेसारखे आरपार! या फिल्म दिसणाऱ्या उजेडासाठीच केलेल्या असतात, ८५० वर त्या कामाच्या नाहीत. इन्फ्रारेडला चालणारे पोलरायझर मिळतात, पण आपल्या बजेटमध्ये बसत नाहीत.

उपाय साधाच निघाला. एलईडीचं कडं मोठं केलं, बाहेरचा व्यास १४ सेंटीमीटर, म्हणजे उजेड तिरका पडतो आणि चमक कॅमेऱ्याकडे परत येत नाही. पुढे २ मिलिमीटरचं दुधी अ‍ॅक्रिलिक लावलं. बटर पेपरनेही जवळपास तेवढंच काम होतं, पण तो दमट हवेत गोळा होतो.

एक गोष्ट ताईच्या लक्षात आली. स्पिरिटच्या बोळ्याने हात पुसला की चित्र काही वेळ साफ बिघडतं, ओली कातडी आरशासारखी चमकते. स्पिरिट वाळलं की शिरा परत येतात. ती म्हणाली, हे उत्तम झालं. पुसल्यावर स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं असतं, तरच जंतू मरतात आणि सुई टोचताना जळजळत नाही. मुली घाई करतात, आता स्क्रीनच त्यांना थांबवेल.

१ जुलै

लॅबमध्ये नेलं. खिडकीजवळच्या टेबलावर चित्र पांढरंफटक. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो, तो आपल्या चोवीस एलईडींना बुडवून टाकतो. आतल्या टेबलावर एलईडी ट्यूबखाली त्रास कमी, कारण पांढऱ्या एलईडी ट्यूबमधून इन्फ्रारेड जवळपास येतच नाही. जुन्या हॅलोजनच्या दिव्याखाली पुन्हा तेच.

दिसणारा उजेड अडवून इन्फ्रारेड सोडणारा फिल्टर कॅमेऱ्यापुढे हवा. कॉलेजात एकाने काळी पडलेली एक्स-रे फिल्म आणून दिली, दवाखान्यात ती फुकट मिळते. चालली नाही. एक्स-रे फिल्मचा काळेपणा चांदीच्या कणांचा असतो आणि चांदी इन्फ्रारेडही अडवते. ब्लॅक अँड व्हाइट रोलचंही तेच. चालतो तो रंगीत निगेटिव्हचा रोल. धुताना त्यातली चांदी निघून जाते, मागे फक्त रंग उरतात, आणि हे रंग इन्फ्रारेडला आडवे येत नाहीत. रोलच्या सुरुवातीचा, उजेड लागून पूर्ण काळा झालेला आणि धुतलेला तुकडा लागतो. गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओत ड्रॉवर धुंडाळून मालकांनी तो काढून दिला, पैसे घेतले नाहीत. दोन थर लावले. जुन्या फ्लॉपीच्या आतली तपकिरी चकतीही चालते, पण चित्र किंचित मऊ येतं.

खिडकीचा त्रास फिल्टरने जात नाही, उन्हात इन्फ्रारेडही आहेच. पडदा ओढायचा किंवा टेबल हलवायचं. दुसरा उपाय मला सापडला नाही.

७ जुलै

सॉफ्टवेअर. पिकॅमेरा२ या प्रोग्रामने कॅमेऱ्यातून चित्र घ्यायचं, ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या प्रोग्रामने करडं करायचं, मग क्लाहे या पद्धतीने कॉन्ट्रास्ट वाढवायचा. ती चित्राचे चौकोन पाडून प्रत्येकात वेगळा कॉन्ट्रास्ट ताणते, म्हणून हाताच्या उजळ आणि अंधाऱ्या भागांत शिरा सारख्याच उठून दिसतात. चौकोन ८ बाय ८, कॉन्ट्रास्ट ताणायची मर्यादा २.५.

मर्यादा ६ वर नेली तेव्हा चित्र डोळ्यांत भरेल असं झालं आणि पूर्ण फसवं. हातावरचे केस, त्वचेच्या घड्या, बोटांकडे जाणाऱ्या स्नायूबंधांच्या कडेच्या सावल्या, सगळ्यांच्या शिरा झाल्या. बघणाऱ्याला वाटतं यंत्र भारी आहे. ज्याला हे करून बघायचंय त्याला कळकळीने सांगतो, आकडा कमी ठेवा. शीर न दिसणं परवडतं, नसलेली शीर दिसणं परवडत नाही.

ऑटो एक्स्पोजर बंदच करा. हात आत-बाहेर झाला की चित्र उजळतं, विझतं, आणि शीर पुसट झाली की हात हलला हे समजत नाही. एक्स्पोजर १० मिलीसेकंदांवर पक्कं केलं. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, १० च्या पटीत ठेवलं की चित्रात आडवे पट्टे येत नाहीत.

हात हलल्यापासून स्क्रीनवर तो हललेला दिसेपर्यंतचा उशीर मोजला. मोबाइलवरचं स्टॉपवॉच कॅमेऱ्यापुढे धरून दोन्ही स्क्रीनचा एकत्र फोटो काढायचा. त्यासाठी निगेटिव्हचा फिल्टर काढावा लागतो, नाहीतर कॅमेऱ्याला मोबाइलची स्क्रीन काळीच दिसते. मोठ्या चित्रावर उशीर सेकंदाचा तिसरा हिस्सा होता, म्हणजे बोट पुढे गेलं तरी स्क्रीनवर मागेच. ६४० बाय ४८० वर आणल्यावर तो सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याजवळ आला. शिरा बघायला एवढं चित्र पुरतं.

१५ जुलै

प्रोजेक्टरचा नाद केला. ओळखीच्या एकाचा खिशात मावणारा प्रोजेक्टर आणला. स्क्रीनऐवजी चित्र थेट हातावर पाडायचं, म्हणजे मान वळवावी लागणार नाही.

सपाट कागदावर सगळं बरोबर जुळवलं. हात ठेवला तर रेघा शिरेच्या शेजारी. हिशोब मांडला. कॅमेरा आणि प्रोजेक्टर यांच्यात ६ सेंटीमीटर अंतर. जुळवणी २५ सेंटीमीटरवर केलेली. हाताची पाठ त्या कागदापेक्षा २ सेंटीमीटर वर आली, की रेघ जवळपास ५ मिलिमीटर सरकते. हाताच्या पाठीवरची शीर दोन-तीन मिलिमीटरची. म्हणजे चित्रावर विश्वास ठेवून सुई टोचणाऱ्याची सुई शिरेच्या पूर्ण बाहेर.

विकत मिळणाऱ्या चांगल्या यंत्रांत हा प्रश्न मुळातूनच सोडवलेला असतो. अ‍ॅक्युव्हेन कंपनीच्या हातात धरायच्या यंत्रात ७८५ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेझर शीर शोधतो आणि ६४२ चा लाल लेझर चित्र काढतो. बघण्याचा आणि पाडण्याचा मार्ग एकच ठेवला, की हात वर-खाली झाला तरी रेघ जागची हलत नाही. तेवढ्या बारकाव्याने आरसे जुळवणं माझ्या टेबलावर होण्यासारखं नाही. प्रोजेक्टर परत दिला. स्क्रीनवरच थांबायचं.

२१ जुलै

ताई आणि तिच्या वर्गातल्या मुली. हा दिवस सविस्तर लिहितो.

सावळ्या आणि काळ्या हातांवर शिरा गोऱ्या हातांइतक्याच स्पष्ट दिसल्या, उजेड थोडा वाढवावा लागला एवढंच. ताईला सगळ्यांत जास्त समाधान याचं. ती म्हणाली, पुस्तकातली चित्रं गोऱ्या हातांची, त्यांत निळी रेघ दाखवलेली. आमच्या वॉर्डात निळी रेघ कुणाच्या हातावर दिसते? मुली निळं शोधत बसतात.

एका मुलीच्या बहिणीचं लग्न नुकतंच झालेलं. तिच्या हातांवर कोपरापर्यंत मेंदी. स्क्रीनवर मेंदी नाहीशी! नुसता हात आणि त्यावरच्या शिरा. मेंदीचा रंग ८५० च्या उजेडाला अडवत नाही. उलट कॉलेजातल्या मावशींच्या हातावरचं गोंदण काळं कुळकुळीत उमटलं आणि त्याखालचं काही दिसलं नाही, कारण गोंदणात काजळी असते. निळ्या बॉलपेनने केलेली खूण मात्र मेंदीसारखीच स्क्रीनवर दिसत नाही. स्क्रीनवर दिसायला हवी असेल तर काजळीचा रंग असलेला काळा मार्कर लागतो, आणि तो घेताना कॅमेऱ्याखाली धरूनच तपासा.

मग ताईने मुलींना बाजूला केलं आणि स्क्रीनकडे पाठ करून बसली. समोरच्या मुलीच्या दंडाला टुर्निकेट (शिरा फुगवायचा पट्टा) बांधलं, कोपराच्या खोबणीत तर्जनी ठेवली, डोळे मिटले, बोट आडवं सरकवलं, हलकं दाबलं, सोडलं. "इथे आहे. जाड आहे, उसळी मारतेय." स्क्रीनवर त्या जागी काहीच नव्हतं. शीर खोल होती, उजेड तिथपर्यंत पोहोचून परत येत नव्हता. पण बोटाला ती पक्की लागत होती, मलाही लागली.

दुसऱ्या मुलीच्या मनगटाजवळ स्क्रीनवर ठसठशीत काळी रेघ. ताईने बोट लावलं आणि मान हलवली. मुलगी मागच्या महिन्यात तापाने दवाखान्यात होती, तिथेच सलाईन लावलेलं. शीर दोरीसारखी कडक झालेली, दाबली तरी दबत नाही. अशा शिरेत इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत बसवायची बारीक नळी) टिकत नाही. कॅमेऱ्याला ती बाकीच्या शिरांसारखीच दिसते.

तिसरी गोष्ट मी स्वतः मोजली. स्क्रीनवर शीर असते त्यापेक्षा रुंद दिसते. मांसातून येताना उजेड पसरतो, कडा फुगतात. अगदी वरवरची केसासारखी बारीक शीरही गडद आणि भरदार वाटते. स्क्रीन बघून कुणी २२ नंबरची निळी इंट्राकॅथ निवडेल आणि शीर त्याहून बारीक, पिवळ्या २४ चीही नसेल.

ताई मुलींना म्हणाली, "हा कॅमेरा तुम्हाला सांगतो की कुठे बोट ठेवून बघा. शीर आहे का, चांगली आहे का, हे बोट सांगतं." लहान मुलांवर अशी यंत्रं वापरून जे अभ्यास झाले, त्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. काहींत पहिल्याच टोचण्यात यश येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसत नाही, काहींत ज्यांच्या शिरा मुळात अवघड आहेत अशांना फायदा दिसतो. आज जे पाहिलं त्यावरून मला ते पटलं.

२८ जुलै

यावरून सराव ठरला. आधी स्क्रीन बंद. मुलीने टुर्निकेट बांधून, हात खाली सोडायला लावून, मूठ उघड-बंद करायला सांगून बोटानेच शीर शोधायची आणि तिचा मार्ग निळ्या पेनने कातडीवर काढायचा. ती रेघ स्क्रीनवर दिसणार नाही, हे आता सोयीचं ठरतं. मग स्क्रीन चालू. दुसरी मुलगी स्क्रीन बघत काळ्या मार्करने शिरा काढते. शेवटी स्क्रीन बंद करून दोन्ही रेघा शेजारी शेजारी बघायच्या. निळी रेघ बरोबर असेल तर ती काळीवर पडते. जिथे निळी आहे आणि काळी नाही, तिथे खोल शीर असेल किंवा बोट चुकलं असेल, मग ताई बोट लावून निकाल देते. पहिल्या फेरीत बऱ्याच मुलींनी स्नायूबंधालाच शीर समजून रेघ काढली होती. मूठ हलवली की जे सरकतं आणि कडक होतं ती शीर नव्हे, हे त्यांना आपल्याच हातावर दिसलं.

४ ऑगस्ट

दुरुस्त्या. दुधी अ‍ॅक्रिलिकला बारीक भेगांची जाळी पडली. मुली दर वेळी स्पिरिटने पुसत होत्या आणि अ‍ॅक्रिलिकला स्पिरिट चालत नाही. आता बाहेरून साधी काच, आतून बटर पेपर, कडेने टेप.

उंचीचा प्रश्नही सोडवला. प्रत्येक मुलगी हात वेगळ्या उंचीवर धरायची आणि फोकस जायचा. पीव्हीसी पाइपचे चार पाय लावले, कॅमेरा टेबलापासून कायम २२ सेंटीमीटरवर. खर्च साठ रुपये. हे पहिल्या आठवड्यातच करायला हवं होतं.

डोळ्यांबद्दल. इन्फ्रारेड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो कितीही असला तरी पापणी आपोआप मिटत नाही. एलईडी आता बटण दाबून धरलं तरच पेटतात, हात काढला की बंद. कड्याच्या भोवती काळ्या फोमची झालर लावली, म्हणजे टेबलावर वाकून कुणाला थेट आत बघता येत नाही. दिव्यांच्या उजेडापासून डोळ्यांना होणाऱ्या धोक्यासाठी आयईसी ६२४७१ हे मानक आहे. माझ्या यंत्राची त्यानुसार चाचणी झालेली नाही, आणि हे यंत्रावर चिकटवलेल्या चिठ्ठीत लिहिलंय.

१० ऑगस्ट

ओळखीच्या एका डॉक्टरांचा फोन आला. जुलाबाने सुकलेलं बाळ, शीर मिळत नाही, तुमचं ते यंत्र द्याल का? नाही म्हणालो. वाईट वाटलं, पण त्याच क्षणी उत्तर ठरलेलं होतं. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ चे आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या कक्षेत आली. माझ्या यंत्राला परवाना नाही, विजेच्या गळतीची चाचणी नाही. आणि नियम बाजूला ठेवले, तरी सुकलेल्या बाळाची शीर रिकामी आणि चपटी झालेली असते, ती माझ्या कॅमेऱ्याला दिसेल अशी खात्री मला नव्हती. बाळाला नंतर शीर मिळाली, हे ताईकडून कळलं. वॉर्डातल्या सिस्टरनी हात गरम कपड्यात गुंडाळून ठेवला आणि पायाच्या घोट्यापुढची शीर बोटाने शोधली.

१७ ऑगस्ट

हिशोब. वापरात असलेल्या सामानाचे सुमारे १२,३०० रुपये, त्यात खोका, काच आणि पाइप आले. वाया गेलेले वेगळे : चुकीचे एलईडी, मोडलेला वेबकॅम, भेगाळलेलं अ‍ॅक्रिलिक, मिळून सुमारे १,६००. पुन्हा करायचं तर पाच इंची स्क्रीन घेणार नाही. लॅबमध्ये जुना मॉनिटर पडलेलाच होता, तो लावला की मागे उभ्या असलेल्या मुलींनाही दिसतं. त्यात तीन हजार वाचले असते.

राहिलेलं काम : सूज असलेल्या हातावर चित्र धुरकट येतं. अंगठ्याने काही क्षण दाबून पाणी बाजूला सारलं की तेवढ्या खळग्यात शीर दिसते, पण दाब किती आणि किती वेळ ठेवायचा हे ठरवून मुलींसाठी लिहून द्यायचं आहे. क्लाहेचा आकडा बदलायला सध्या कीबोर्ड लागतो, त्याऐवजी दोनच जागा असलेला स्विच बसवणार, १.५ आणि २.५. त्यापुढचा आकडा मुलींच्या हाती द्यायचा नाही, असं ताईने बजावलंय. निगेटिव्हचा फिल्टर एका कोपऱ्यात खरवडलाय. स्टुडिओच्या मालकांनी आणखी एक तुकडा बाजूला काढून ठेवलाय, सोमवारी आणतो.